ऑक्टापॅडवाल्या काकांच्या फ्लॉप्या: जुन्या ड्रम मशीनचे आवाज आजच्या ॲपमध्ये कसे आणायचे?

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. एक-एक पायरी करत जाऊ.

समजा, घाटकोपरला तुमचे एक काका राहतात. नव्वदच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवायचे. लग्नं, गणपती, कधी मुलुंडचं कालिदास, कधी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. त्यांच्या माळ्यावर एक बिस्किटाचा डबा आहे आणि त्यात वीस-पंचवीस फ्लॉप्या. एकीवर पेनाने लिहिलंय ‘ढोलकी नवी’, दुसरीवर ‘ताशा + हलगी’, तिसरीवरची शाई पुसली गेली आहे. काकांनी हे आवाज त्या काळी स्वतः माइक लावून सँपलरमध्ये भरले होते. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

तुमच्याकडे फोन आहे, लॅपटॉप आहे, बीट बनवायचं वेड आहे. हे आवाज तुमच्या ॲपमध्ये यावेत असं तुम्हाला वाटतं. काय कराल?

आधी थोडा इतिहास, आपल्याच शहरातला

ड्रम मशीन म्हटलं की आपल्याला अमेरिकेतलं हिपहॉप आठवतं. पण १९८२ साली मुंबईतल्या चरणजित सिंग या फिल्मी वादकाने रोलँडची तीन यंत्रं एकत्र केली: टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. त्यांवर राग वाजवून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरचे लोक चक्रावले, कारण ज्याला पुढे ॲसिड हाऊस म्हणू लागले त्याच्याशी हा आवाज विलक्षण जुळत होता. ही रेकॉर्ड मात्र त्याच्या काही वर्षं आधीची!

दुसरी गोष्ट ऑक्टापॅडची. रोलँडने १९८५ मध्ये ‘पॅड-८’ आणला. आठ रबरी पॅड, काठीने वाजवायचे. पण त्या पहिल्या ऑक्टापॅडच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो फक्त ‘अमुक पॅडवर एवढ्या जोरात ठोका पडला’ हा मिडी संदेश पाठवायचा. आवाज यायचा तो वायरने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून. पुढे एसपीडी-२० सारखी मॉडेल्स आली, त्यांच्यात आवाज आतच होते. आपल्याकडे मात्र सगळ्यांना सरसकट ‘ऑक्टापॅड’ म्हणायची सवय लागली ती लागलीच. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या गाडीवर उभं राहून जे वाजवतात, तेही त्याच घराण्यातलं.

यंत्रात आवाज नेमका असतो कुठे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढची पद्धत यावरच ठरते. तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार: आवाज साठवलेलाच नाही. टीआर-८०८ मध्ये एकही रेकॉर्डिंग नाही. प्रत्येक ठोक्याला आतलं सर्किट आवाज नव्याने तयार करतं. त्यामुळे ‘८०८ ची लायब्ररी’ म्हणून आपण जे डाउनलोड करतो, ते कुणीतरी त्या यंत्रातून टिपून घेतलेले ठोके असतात.

दुसरा प्रकार: आवाज कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला. १९८० चं लिन एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने वाजवणारं पहिलं बाजारातलं ड्रम मशीन. एसपीडी-२० सुद्धा याच जातीचा: ७०० आवाज आणि ९९ पॅच. पॅच म्हणजे कोणत्या पॅडवर कोणता आवाज, किती पिच, किती व्हॉल्यूम याची मांडणी. ही मांडणी मिडी केबलने कॉम्प्युटरवर उतरवता येते, पण त्यात आवाज येत नाहीत. आवाज चिपमध्येच राहतात.

तिसरा प्रकार: आवाज वादकाने स्वतः भरलेला, म्हणजे सँपलर. अकाईचा एस-९००, ई-म्यूचा एसपी-१२००, अकाईचा एमपीसी-६०. यंत्र बंद केलं की मेमरी कोरी, म्हणून सगळं फ्लॉपीवर ठेवायचं. काकांचा डबा या प्रकारातला आहे, आणि सगळ्यात जास्त धोक्यात तोच आहे. कारखान्याचे आवाज इतर हजारो यंत्रांत आहेत. काकांची ढोलकी फक्त त्या डब्यात आहे.

फ्लॉपी हातात आली, आता थांबा

लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. मुंबईची दमट हवा चुंबकीय डिस्कची शत्रू आहे, आणि पावसाळ्यात बंद डब्यात बुरशी हमखास धरते. ज्यांच्या तळमजल्यावरच्या घरात २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं, त्यांना तर सांगायलाच नको. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

फ्लॉपीचं धातूचं झाकण सरकवा, मधली चकती बोटाने हळूच फिरवा आणि उजेडात बघा. पांढुरके, राखाडी ठिपके म्हणजे बुरशी. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये गेली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली डिस्कही ओरखडते. ती बाजूला ठेवा, आधी स्वच्छ डिस्क वाचून घ्या.

मग कोपऱ्यातली छोटी खिडकी बघा. साडेतीन इंची फ्लॉपीत ती उघडी असली की डिस्कवर काही लिहिलं जात नाही. ती उघडीच करून घ्या.

आता मुख्य सापळा. तुम्ही यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावता, डिस्क घालता आणि विंडोज म्हणतं, ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?’ इथे ‘हो’ दाबलंत की काकांची ढोलकी गेली! डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. तिची मांडणी वेगळी असते, एवढंच. पीसीची फ्लॉपी ७२० केबी किंवा १.४४ एमबीची. अकाईची ८०० केबी किंवा १.६ एमबीची, कारण ती डिस्कवरचे कप्पे वेगळ्या आकाराचे पाडते. साध्या यूएसबी ड्राइव्हला ते कळत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘ग्रीसविझल’ नावाचं एक छोटं सर्किट बोर्ड. जुन्या डेस्कटॉपमधला पट्टीची केबल लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह त्याला जोडायचा आणि बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला. हा बोर्ड फायली वगैरे शोधत बसत नाही. डिस्कवरचे चुंबकीय बदल आहेत तसे टिपतो, आणि त्यातून पूर्ण डिस्कची एक ‘इमेज’ फाइल बनते. आता मूळ डिस्कला पुन्हा हात लावायची गरज नाही. सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर करा.

इमेजमधून आवाज काढायला ‘अकाईयूटिल’ हे मोफत साधन आहे. पैसे मोजायची तयारी असेल तर ‘अवेव्ह स्टुडिओ’ किंवा चिकन सिस्टिम्सचा ‘ट्रान्सलेटर’. नव्वदच्या दशकातल्या अकाई फॉरमॅटच्या सँपल सीडी कॉम्प्युटरला नीट दिसत नाहीत, त्याही अशाच साधनांनी उघडता येतात.

‘सा’ च्या जागी ‘ध’ का वाजतोय?

फाइल निघाली, वाजवली, आणि ढोलकी एकदम कार्टूनसारखी पातळ, घाईघाईची वाजली. घोळ सँपल रेटचा आहे.

सँपल रेट म्हणजे एका सेकंदात आवाजाची किती मोजमापं घेतली. सीडीला ४४,१०० लागतात. जुन्या यंत्रांत मेमरी महाग, म्हणून कमी घ्यायचे. एसपी-१२०० चा रेट २६,०४० होता, आणि सगळे आवाज मिळून जेमतेम १० सेकंद मावायचे. असा आवाज कुणी चुकून ४४,१०० समजून वाजवला, तर तो १.६९ पट वेगाने धावतो आणि सुमारे नऊ सेमिटोन वर चढतो. पेटीच्या भाषेत, जिथे ‘सा’ यायला हवा तिथे शुद्ध धैवत.

उपाय सोपा आहे. ऑडॅसिटीमध्ये फाइल ‘रॉ’ म्हणून उघडताना किंवा ट्रॅकच्या सेटिंगमध्ये मूळ रेट सांगा. कान लावून पिच ताणत बसू नका. आकडा बरोबर असला की पिच आपोआप जागेवर येते. ४४,१०० मध्ये बदल त्यानंतर करा.

दुसरा आकडा बिटचा. १२ बिट म्हणजे आवाजाच्या उंचीच्या ४,०९६ पायऱ्या, १६ बिट म्हणजे ६५,५३६. बाराचं सोळा करताना प्रत्येक मोजमापाला १६ ने गुणतात, बस. यात आवाज सुधारत नाही आणि बिघडतही नाही. तोच माल मोठ्या डब्यात गेला.

इथे दोन मोह आवरा. एक, ‘नॉइज रिडक्शन’. १२ बिटचा तो खरखरीत दाणा हाच तर त्या आवाजाचा स्वभाव आहे, तो पुसायला निघू नका. दुसरा, प्रत्येक फाइल वेगळी ‘नॉर्मलाइज’ करणं. काकांनी घुंगरू हळू आणि थाप मोठी ठेवली होती, ती विचार करून. सगळं एका उंचीवर आणलंत की तो तोल गेला. वाढवायचंच असेल तर सगळ्या फायली सारख्याच प्रमाणात वाढवा.

डिस्कवरचा आवाज आणि स्टेजवरचा आवाज

आता जरा बारीक मुद्दा. डिस्कवरून काढलेली फाइल म्हणजे लोकांनी ऐकलेला आवाज नव्हे.

एसपी-१२०० मधून आवाज बाहेर पडायला आठ वाटा होत्या. काहींवर फिल्टर, शेवटच्या दोन अगदी मोकळ्या. तोच ठोका वेगळ्या वाटेने काढला की वेगळा लागायचा. शिवाय मेमरी वाचवायला लोक एक युक्ती करायचे: ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून भरायची आणि मग यंत्रात पिच खाली आणायची. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल! पिच खाली आणताना यंत्र जी करकर मिसळायचं, ती डिस्कवर नाहीच. ती वाजवताना जन्माला यायची.

म्हणून जमलं तर दोन संच ठेवा. एक ‘कच्चा’, डिस्कवरून थेट काढलेला. दुसरा ‘वाजवलेला’, चालू यंत्रातून रेकॉर्ड केलेला. यंत्र शिल्लक नसेल तर कच्चा तरी नक्की ठेवा.

फ्लॉपीच नसेल तर? रेकॉर्ड करा

८०८ किंवा एसपीडी-२० असेल तर दुसरा मार्गच नाही. एसपीडी-२० चं उदाहरण घेऊ.

रिव्हर्ब वगैरे इफेक्ट बंद करा, ते नंतर टाकता येतात. ऑडिओ इंटरफेसला लाइन केबल लावा, २४ बिटवर रेकॉर्ड करा. काठीने ठोकण्याऐवजी कॉम्प्युटरवरून मिडी नोट पाठवा, म्हणजे जोर अचूक राहतो. मिडीत जोर १ ते १२७ मोजतात. २०, ४०, ६०, ८०, १०० आणि १२७ असे सहा टप्पे पुरेत.

हिशोब करा: आठ पॅड, सहा टप्पे, म्हणजे ४८ ठोके. प्रत्येकाला शांततेसकट चार सेकंद धरले तर एक पॅच सव्वातीन मिनिटांत होतो. पण सगळे ९९ पॅच करायला बसलात तर सव्वापाच तास! त्यापेक्षा काकांना विचारा, ‘तुम्ही खरोखर वाजवायचात ते कोणते?’ बहुधा दहा-बारा निघतील.

रेकॉर्डिंगमध्ये ‘हूंऽऽ’ ऐकू आलं तर ती आपली घरातली ५० हर्ट्झची वीज. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथेच थांबतं.

८०८ सारख्या ॲनालॉग यंत्रात एकच ठोका दोनदा तंतोतंत सारखा येत नाही. तिथे प्रत्येक आवाजाचे तीन-चार ठोके घ्या आणि सँपलरला ते आळीपाळीने वाजवायला सांगा. याला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. नाहीतर भरभर वाजवताना मशीनगन चालल्यासारखं वाटतं.

कापताना सुरुवात घट्ट ठेवा, शेपूट मोकळी सोडा. शेवटी काही मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर ‘टक्’ असा आवाज राहतो.

कोणता आवाज कुठे? खरं काम इथे आहे

आता तुमच्याकडे दोनशे वेव्ह फायली आहेत. नावं: ०१, ०२, ०३... लायब्ररी तयार झाली? नाही हो. हे नुसतं पोतं आहे.

वादकाच्या हाताला जे माहीत असतं ते फाइलमध्ये नसतं. कोणत्या पॅडवर काय होतं? हळू मारल्यावर कोणता आवाज आणि जोरात मारल्यावर कोणता? कोणता ठोका कोणाला गप्प करतो? हे शेवटचं नीट समजून घ्या. उघडी हाय-हॅट झिणझिणत असताना बंद हाय-हॅट वाजली की पहिली थांबली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘चोक ग्रुप’ म्हणतात. ढोलकीतही तसंच: खुला ठोका घुमत असताना दाबून मारलं की घुमारा तुटतो. चोक लावला नाही तर सगळे आवाज एकमेकांवर सांडतात आणि ठेक्याचा चिखल होतो.

मिडीत ड्रमचे ठरलेले नंबर आहेत: ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ यादीत बाँगो आहे, काँगा आहे. ढोलकी, ताशा, हलगी, संबळ यांना जागा नाही. तेव्हा आपला नकाशा आपणच बनवायचा आणि लिहून ठेवायचा.

तो ‘एसएफझेड’ फॉरमॅटमध्ये ठेवा. ही साधी मजकुराची फाइल असते: ही वेव्ह, या नंबरवर, एवढ्या जोरापासून एवढ्या जोरापर्यंत. नोटपॅडमध्ये उघडते, कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नाही. उद्या तुमचं आवडतं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी माणूस ती वाचून पुन्हा सगळं जुळवू शकेल.

आणि हे काम एकट्याने करू नका. काकांना समोर बसवा, एकेक आवाज वाजवा, विचारा: ‘हा कशासाठी वापरायचात?’ ते म्हणतील, ‘अरे, हा कोळीगीताला. आणि हा डाव्या वरच्या पॅडवर, कारण उजव्या हाताला सवड नसायची.’ फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फ्लॉपी वाचणारं यंत्र उद्याही मिळेल, हे सांगणारा माणूस मिळेलच असं नाही.

फोनवर आणताना

कोआला सँपलरसारख्या ॲपमध्ये वेव्ह फायली सरळ घेता येतात. तीन गोष्टी सांभाळा.

एक, एमपी३ करू नका. एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, साधारण २५ मिलिसेकंद. गाण्यात ती कळत नाही, ठोक्यात कळते. १२० च्या लयीत सोळाव्या हिश्शाचं अंतर १२५ मिलिसेकंद असतं, म्हणजे प्रत्येक ठोका त्याच्या एक पंचमांशाने उशिरा!

दोन, व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर झिप करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

तीन, ब्लूटूथ इअरफोनवर वाजवून ‘उशीर होतोय’ असा निष्कर्ष काढू नका. तो उशीर ब्लूटूथचा असतो. वायरवाले लावा.

तुमचे काही नेहमीचे प्रश्न

*जुना फ्लॉपी ड्राइव्ह कुठे मिळेल?* भंगारात निघालेले डेस्कटॉप बघा. नाहीतर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर टाका. घेताना केबलसकट घ्या.

*काकांचा सँपलर अजून चालतो, फक्त फ्लॉपी ड्राइव्ह मेलाय.* मग ‘गोटेक’ नावाचं यंत्र बघा. ते फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतं आणि पेनड्राइव्हवरच्या डिस्क इमेज वाचतं. तुमच्या मॉडेलला चालतं का, हे आधी तपासा.

*हे आवाज मी विकू शकतो का?* काकांनी स्वतः वाजवून स्वतः रेकॉर्ड केलेली ढोलकी असेल तर त्यांची परवानगी घ्या, त्यांचं नाव द्या, आणि पैसे आले तर वाटा द्या. पण एखाद्या फिल्मी गाण्यातून उचललेला तुकडा असेल तर सावध. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. यंत्राच्या कारखान्याचे आवाज वापरून गाणं करणं वेगळं, आणि तेच आवाज ‘पॅक’ म्हणून विकणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत कंपनीच्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाता जाता

क्रम पुन्हा एकदा: डिस्क तपासा, खिडकी उघडी करा, फॉरमॅटला ‘नाही’ म्हणा, इमेज काढा, रेट बरोबर लावा, तोल बिघडवू नका, नकाशा लिहा. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक घराबाहेर कुठेतरी.

या रविवारी सगळं नाही जमलं तरी निदान डबा माळ्यावरून खाली काढा आणि लेबलांचे फोटो घ्या. शाई पुसली गेलेल्या फ्लॉपीवर काय आहे, ते काकांना आजच विचारा.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरच्या डब्यात काय सापडलं, ते आम्हाला नक्की कळवा!